टाकीतले पाणी

प्रिय ताई,

तुझे पत्र आणि त्यासोबतचे ते तकतकीत माहितीपत्रक, दोन्ही मिळाले. "हो की नाही एवढंच कळव, तुझी कारणमीमांसा नको," असे तू शेवटी अधोरेखित करून लिहिले आहेस. तुझ्या घराजवळच्या त्या वृद्धनिवासाने बाबांसाठी महिनाअखेरपर्यंत खोली राखून ठेवली आहे, हेही समजले. तथापि कारणमीमांसेवाचून उत्तर देण्याची मला सवय नाही आणि ती आता लावून घेण्याचे माझे वय राहिलेले नाही. तेव्हा बाबांविषयी निर्णय कळवण्यापूर्वी मी तुला माझ्या गाडीची हकीकत सांगणार आहे. गाडीचा इथे काय संबंध, म्हणून पाने उलटू नकोस. संबंध आहे, आणि तो लक्षात आल्यापासून मला अन्न गोड लागलेले नाही.

माहितीपत्रकाविषयी एकच शेरा मारतो. त्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे दात एकसारखे पांढरे आहेत, सगळे एकाच कोपऱ्याकडे पाहून हसत आहेत आणि खिडकीतली फुले प्लास्टिकची आहेत. ते हसू पाहून मला शिसारी आली. तू म्हणशील, तुला कशाची शिसारी येत नाही ते सांग, तुझे नाक जन्मतःच मुरडलेले आहे. मान्य. पण मागच्या खेपेला तू येऊन गेल्यावर "बाबांचं काहीतरी सुटत चाललंय रे" असे लिहिलेस, तेव्हा मी जे उत्तर पाठवले होते त्याचीही आज मला तेवढीच शिसारी येते. "बाबा ठणठणीत आहेत. वर्तमानपत्र वाचतात, आपले कपडे आपण धुतात. तुला दोन दिवसांत जे दिसले ते मला रोज पाहून दिसत नाही, याचा अर्थ ते नाही." किती नेटके वाक्य! मी ते दोनदा वाचून मगच पाकिटात घातले होते.

आता गाडी. आमच्या कार्यालयात वार्षिक हिशेबतपासणी सुरू होती. बाहेरचे तपासनीस येण्याआधी लेखाप्रमुखाने आपल्या खुर्चीत असावे असा माझा शिरस्ता, म्हणून त्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो. मोठ्या चौकाच्या अलीकडे गाडीला उचकी लागल्यासारखे झाले. एक धक्का, मग आणखी एक, मग पाय दाबला तरी वेग नाही, आणि ऐन चौकाच्या मधोमध ती खोकून गप्प झाली. मागे भोंग्यांचा गदारोळ. एका स्कूटरवाल्याने न उतरताच माझ्या गाडीच्या मागच्या अंगाला पाय लावून ती ढकलली. पाय, ताई! चिखलाच्या बुटाचा. गाडी कडेला लागल्यावर त्याने "म्हातारी झाली, काका, विकून टाका," असा सल्लाही दिला. गाडीविषयी म्हणाला असेल असे मी धरून चालतो.

आमच्या गल्लीच्या टोकाचा गॅरेजवाला तुला आठवत असेल. गिऱ्हाईक जे बोलेल त्याला "अगदी बरोबर, साहेब" म्हणणारा. त्याने टाकीतले पेट्रोल नळीने एका पांढऱ्या पारदर्शक कॅनमध्ये काढले आणि कॅन उन्हात धरला. वर फिकट पिवळे पेट्रोल, खाली पाय पसरून बसलेले गढूळ पाणी आणि दोहोंच्या मध्ये गंजाची तपकिरी साय. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते. इंजिनाकडे जाणारे पेट्रोल तळाकडूनच ओढले जाते, म्हणून इंजिनाच्या तोंडी आधी पाणी पडते. एवढे त्याने नीट समजावले. मग त्या घाणीत बोट बुडवून स्वतःच्या नाकाशी धरले, माझ्या नाकाशी धरले, विजारीला पुसले आणि त्याच हाताने चहाच्या पेल्याच्या काठाला धरून तो पेला माझ्यापुढे केला. मी चहा घेतला नाही. मी विचारले, "हे पंपावरच घातले असणार?" तो म्हणाला, "अगदी बरोबर, साहेब. पंपाशिवाय कोण घालणार?" त्याऐवजी मी "हे पावसाचे असणार?" म्हटले असते, तरी उत्तर तेच मिळाले असते. त्यावेळी ते सुचले नाही. मला माझ्याच मताचा साक्षीदार हवा होता आणि तो मिळाला होता.

टाकी उतरवून धुणे, गाळणी बदलणे, नळ्या हवेने साफ करणे, यात दोन दिवस गेले. गाडीत बसले की कुजलेल्या गटारावर रॉकेल शिंपडल्यासारखा वास येई. तो माझ्या बाह्यांना लागला, जेवणाच्या डब्याच्या पिशवीला लागला. कार्यालयातला टंकलेखक माझ्या टेबलापासून खुर्ची हळूच मागे सरकवून बसू लागला. मी कॅनमधले ते गढूळ पाणी एका बाटलीत भरून घेतले आणि थेट पंपावर गेलो.

तिथे मी जे केले ते तुला सविस्तर सांगणे भाग आहे. आदल्या खेपेला ज्या बाईने माझ्या गाडीत पेट्रोल भरले होते, ती नळी हातात घेऊन रांगेतल्या गाड्या उरकत होती. मी बाटली तिच्या तोंडासमोर धरली, हलवली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले की हे पेट्रोल आहे की तुमच्या घरचे सांडपाणी. ती म्हणाली, "साहेब, सकाळीच कांडी घालून टाकी तपासलीय. खाली पाणी असतं तर कांडीवरचा रंग बदलला असता." मी म्हटले, रंग तुमच्या चेहऱ्याचा बदललेला दिसतो आहे. रांगेतले दोघे हसले. ताई, ते हसले तेव्हा मला बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. व्यवस्थापक धावत बाहेर आला, त्याने माझी माफी मागितली, आणि पुढच्या वेळी मी तिथून गेलो तेव्हा ती बाई कोपऱ्यात टायरांत हवा भरताना दिसली. नळीवर दुसरे कोणी होते. मला वाटले, चला, एका ठिकाणी तरी व्यवस्था लागली.

रात्रीच्या जेवणाला मी हा सगळा वृत्तांत सांगितला. बाबा घास हातात धरून ऐकत होते. चाळीसेक वर्षे दूधसंघाची लॉरी चालवलेला माणूस. भेसळ हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नाही. "पाणी घालतात, हरामखोर!" ते एवढ्या जोरात म्हणाले की तुझी भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली. "माझ्या लॉरीचं एक भांडं कधी परत आलं नाही. एक भांडं!" मग ते मला म्हणाले, "पण गाडी बंद का पडली? तापली असेल. तू पाणी पाहिलंस का?" मी म्हटले, "बाबा, पाण्यामुळेच बंद पडली." ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. पाणी पाहायला पाहिजे रोज. मी पाहत जाऊ का?" मी कपाळाला हात लावला आणि म्हटले, "तुम्ही कृपा करून गाडीला हात लावू नका." त्यांनी घास ताटात ठेवला, पुन्हा उचलला, आणि विषय संपला.

तुला लॉरीचे पाणी आठवते? मला त्या दिवसांपासून फार आठवू लागले आहे. सकाळी अंगणात ती लॉरी उभी, बाबा बनियनवर, आणि त्यांचा तो पत्र्याचा डबा, ज्याला त्यांनी कोणाकडून तरी लांब नळीचे तोंड डाख देऊन जोडून घेतले होते. रेडिएटरचे झाकण उघडण्याआधी ते तळवा त्याच्यावर अधांतरी धरत. झाकण गरम असेल तर उघडायचे नाही, वाफ तोंडावर येते. मग ते डबा उचलत आणि तू नळीचे तोंड बरोबर भोकात धरायचीस. मला ते काम एकदाच मिळाले. मी निम्मे पाणी माझ्या बुटांवर सांडले, नाक मुरडले आणि बाबांनी मला खाली उतरवून फडके हातात दिले. "हा पुसायचं काम करील," म्हणाले. आयुष्यभर तेच केले, नाही तरी हिशेब तपासणे म्हणजे दुसरे काय!

असो. मी पंप बदलला. गाडी पुन्हा बंद पडली, या वेळी आमच्या कार्यालयाच्या फाटकातच. कॅन उन्हात धरला गेला, तीच तपकिरी साय, तेच खाली बसलेले पाणी. आधीपेक्षा जास्तच. "सगळे पंपवाले एकजात चोर, साहेब," गॅरेजवाला म्हणाला, आणि मला ते पटले. मी तिसरा पंप धरला आणि आता पद्धतशीर काम सुरू केले. पेट्रोल भरले की त्याच नळीतून थोडे काचेच्या बरणीत घ्यायचे, झाकण लावायचे आणि बरणी मागच्या सज्ज्यात उभी करायची. "माझ्या बरण्या पेट्रोलला? मग मसाला काय टाकीत भरू?" तुझी भावजय म्हणाली. मी तिला पुरावा या संकल्पनेचे महत्त्व सांगितले. तिने बरण्या दिल्या, पण त्या दिवसापासून मला चहात साखर कमी पडू लागली.

बरण्या स्वच्छ राहिल्या. पेट्रोल काठोकाठ पिवळे, तळाला थेंबही नाही. आणि गाडी तिसऱ्यांदा बंद पडली.

मी बरण्यांसमोर उभा राहिलो. जमेची बाजू निर्मळ आणि शिल्लक मात्र गढूळ, याचा अर्थ मधल्या मध्ये कोणीतरी नोंद घालते आहे. गाडी रात्रभर आमच्या दारात उभी असते. माझ्या डोळ्यांपुढे तत्काळ शेजारी आला, तो कुत्रेवाला. त्याचे कुत्रे माझ्या चाकांवर पाय वर करते म्हणून मी त्याला दोनदा ऐकवले होते. सूड! किती हलका, किती गलिच्छ माणूस! मी त्याला ओळख देणे बंद केले. जिन्यात समोर आला तर मी भिंतीवरचे विजेचे मीटर वाचू लागे. बिचारा एकदा म्हणाला, "काय हो, बिल फार आलं का?"

मी ठरवले की त्याला रंगेहाथ धरायचे. आमच्या न्हाणीघराची लहान खिडकी अंगणाकडे उघडते, हे तुला माहीत आहे. उजाडताना मी तिथे टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिलो. पहिल्या दिवशी कोणी आले नाही. कुत्रेवाला कुत्र्याला घेऊन रस्त्याने सरळ पुढे गेला. दुसऱ्या दिवशी खाली दार वाजले. आपलेच दार.

बाबा बाहेर आले. बनियन, पायात माझ्या जुन्या सपाता, एका हातात गाडीची किल्ली आणि दुसऱ्या हातात तो डबा. ताई, तोच डबा, डाखलेल्या नळीचा. तो माळ्यावर होता. माळ्यावर ते कधी चढले, कसे चढले, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी गाडीचे दार आवाज न करता उघडले आणि वाकून आसनाखाली हात घातला. माझ्या गाडीत तिथे दोन खटके शेजारी शेजारी आहेत; एक बोनेटचा, एक पेट्रोलच्या झाकणाचा. त्यांनी खटका ओढला. टक्क आवाज झाला. ते पुढे आले, बोनेट चाचपले, ते उघडलेले नव्हते. ते तिथे थोडा वेळ उभे राहिले. मग गाडीला एक फेरी घालू लागले, तळवा पत्र्यावरून फिरवत, आणि मागच्या बाजूला त्यांना एक लहानसे दार उघडे सापडले. त्यांचा चेहरा उजळला, तो मला वरूनही दिसला. आतल्या टोपणावर त्यांनी तळवा अधांतरी धरला. गरम नाही. टोपण फिरवून काढले, नळी आत घातली आणि डबा अगदी सावकाश, एक थेंब न सांडता, रिकामा केला.

सांडले नाही, ताई. म्हणून तर पत्र्यावर किंवा जमिनीवर कधी ओघळ दिसला नाही आणि मी पुराव्यावाचून राहिलो. टोपण बसवून त्यांनी बनियनच्या टोकाने ते दार पुसले आणि गाडीच्या पाठीवर दोनदा थोपटले.

मी ओरडण्यासाठी तोंड उघडले होते. मागून दंडावर हात पडला. तुझी भावजय केव्हा येऊन उभी राहिली होती, कळले नाही. "ओरडू नका," ती म्हणाली. "अहो, ते तुम्हाला घाबरतात." आणि तेवढ्यात, आमची कुजबुज ऐकू गेली असेल, बाबांनी वर पाहिले. मी दिसताच त्यांनी डबा पाठीमागे लपवला. ज्या माणसाने घाटात ब्रेक गेलेली लॉरी दगडाला टेकवून थांबवली होती, तो माणूस शाळेत चूक पकडली गेलेल्या मुलासारखा पाठीमागे डबा धरून माझ्याकडे पाहत होता.

मग मला सगळे समजले आणि समजलेले सगळे घाण होते. पहिल्यांदा त्यांनी जुन्या सवयीने पाणी घातले असेल. पण त्यानंतर मी जेवताना गाडी बंद पडल्याचे सांगितले, आणि त्यांनी ठरवले की हा मुलगा काही पाणी पाहत नाही, आपल्यालाच पाहायला हवे. मी हात लावू नका म्हटले, म्हणून ते पहाटे, चोरून पाहू लागले. गाडी बंद पडते म्हणून ते पाणी घालत होते आणि ते पाणी घालत होते म्हणून गाडी बंद पडत होती. मी जितका चिडून घरी येई, तितका ते डबा अधिक भरून नेत. त्या टाकीत दुसऱ्या कोणाचीही फसवाफसवी नव्हती. त्यांची काळजी होती, आणि मी ती पंपापंपावर बाटलीत भरून नाचवत होतो.

त्या दिवशी मी कार्यालयात गेलो नाही. तुझ्या भावजयीला समोर बसवले आणि विचारले की आणखी काय आहे. तिने आधी पदराशी चाळा केला, मग एकेक करून सांगितले. दूध गॅसवर ठेवून बाबा विसरतात, म्हणून ते उठायच्या आत ती दूध तापवून ठेवते. वर्तमानपत्र ते वाचतात खरे, पण तेच पान सकाळपासून दुपारपर्यंत. कपडे धुतात, आणि वाळलेले पुन्हा धुतात. एकदा घराचा रस्ता चुकले होते, तेव्हा कुत्रेवाल्याने त्यांना दारापर्यंत आणून सोडले आणि यातले मला काही कळू देऊ नये, असे तिने त्याला हात जोडून सांगितले. मी ज्याच्यापुढे विजेचे मीटर वाचत होतो, त्याच कुत्रेवाल्याने. मी विचारले, मला का सांगितले नाही? ती म्हणाली, "तुम्ही काय केलं असतं? विचारलं असतं, किती वाजता, कुठल्या कोपऱ्यावर, कोणाच्या निष्काळजीपणामुळे. त्यांना समोर उभं करून विचारलं असतं." एका घरात राहून मी हिशेब तपासत होतो आणि माझ्याच घरातली माणसे माझ्यापासून चुका लपवून ठेवत होती, जसे कारखान्यातले लोक तपासनीस आला की गोदामाचे मागचे दार लावतात. पेट्रोलचा तो कुजका वास गेले काही दिवस मला जिथेतिथे येत होता. आता वाटते, तो गाडीतून येत नव्हता.

पंपावर गेलो. ती बाई हवेच्या नळीपाशी स्टुलावर बसली होती. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटले की माझी चूक झाली, पाणी आमच्या घरीच पडत होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "साहेब, त्या दिवशी बाटली माझ्या तोंडासमोर नाचवलीत, सगळ्यांना ऐकवलंत. आज माफी कानात सांगताय होय?" मग मी रांगेपुढे जाऊन उभा राहिलो. ताई, भर उन्हात, टाय लावलेला माणूस, अनोळखी गाड्यांच्या रांगेला सांगतो आहे की या बाईंनी भरलेले पेट्रोल शुद्ध होते आणि मी खोटा आरोप केला. एकाने भोंगा वाजवला. एक म्हणाला, "काका, आधी पेट्रोल भरू द्या, भाषण मग." व्यवस्थापक तिला पुन्हा नळीवर घेतो म्हणाला. ती म्हणाली, "घ्यायलाच पाहिजे," आणि माझ्याकडे न बघता नळी उचलून पुढच्या गाडीकडे गेली. मला तिने क्षमा केली की नाही, ते कळण्याचा मार्ग नाही. करू नये असे मला वाटते.

गॅरेजवाल्याकडून मी टाकीला कुलपाचे टोपण बसवून घेतले. पाणी घरातूनच पडत होते, हे त्याला सांगितले. तो म्हणाला, "अगदी बरोबर, साहेब. मला तेव्हाच वाटलं होतं."

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तुझे निदान बरोबर होते, माझे चूक होते. उपाय मात्र मला मंजूर नाही. बाबा त्या खोलीत जाणार नाहीत. तू म्हणशील, हा तुझा नवा हट्ट. असेल. पुढे कधी असा दिवस येईल की आम्हा दोघांना झेपणार नाही, आणि तेव्हा मी तुला तसे स्वच्छ शब्दांत कळवीन. "ठणठणीत" हा शब्द मी माझ्यापुरता रद्द केला आहे. पण त्या खोलीत अंगण नाही, गाडी नाही, पाणी पाहण्यासारखे काहीही नाही. तिथे ते फक्त त्या प्लास्टिकच्या फुलांना पाणी घालतील आणि कोणीतरी पांढरे दात दाखवून म्हणेल, आजोबा, ती खोटी आहेत.

इथे आम्ही एक व्यवस्था केली आहे. गाडीच्या बोनेटखाली काच धुण्याच्या पाण्याची एक टाकी असते, निळ्या टोपणाची. पहिल्या दिवशी मी सकाळी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन म्हटले, "बाबा, आज गाडीचं पाणी पाहायचं राहिलंय." ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, मी त्यांना पकडायला आलो आहे की काय, हे ते ताडून पाहत असावेत. मग डबा घेऊन आले. मी बोनेट उघडून धरले. त्यांनी निळ्या टोपणावर तळवा धरला, टोपण काढले आणि पाणी ओतले. "पितेय बघ कशी," ते म्हणाले. "किती तहानलेली होती." आता रोज हेच चालते. टाकी रोज रिकामी सापडली पाहिजे, नाहीतर पाणी वर येते आणि त्यांचा चेहरा पडतो. म्हणून मी कार्यालयाच्या आवारात पोचलो की गाडी उभी करून काचेवर फवारा सोडत बसतो. स्वच्छ काच, कोरडे ऊन आणि वायपर एकसारखे इकडून तिकडे. पहारेकरी रोज पाहतो. परवा म्हणाला, "साहेब, काच झिजेल." पाण्याची अशी उधळपट्टी दुसऱ्या कोणी केली असती तर मी तीन पानी टिपण लिहिले असते. तुझे माहितीपत्रक मी बोनेटखाली सांडलेले पाणी पुसायला वापरून पाहिले. तकतकीत कागद पाणी टिपत नाही, याची नोंद घ्यावी.

सांडते, कारण इथे बोनेटवरून वाकून डबा अधांतरी धरावा लागतो आणि तो बाबांना पेलवत नाही. नळीचे तोंड निळ्या भोकाभोवती फिरत राहते आणि पाणी माझ्या बुटांवर येते. काल मी नळी धरायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. "तू नको," म्हणाले. "तू सांडतोस, आणि वर नाक मुरडतोस. तू पुसायला थांब. ताई धरेल." मग डबा तसाच अर्धवट उचललेला धरून त्यांनी फाटकाकडे पाहिले आणि मला विचारले, "कुठे राहिली ती? हाक मार बरं तिला." मी फाटकाकडे पाहिले, ताई. काय करणार होतो? आणि मी तुला खरोखर हाक मारली, मोठ्याने, तुझ्या लहानपणच्या नावाने. कुत्रेवाला त्याच्या सज्ज्यात येऊन उभा राहिला. "येतेय," मी बाबांना सांगितले. ते डबा खाली ठेवून वाट पाहत बसले. हे पत्र मी त्यासाठी लिहितो आहे. ती खोली सोडल्याचे कळव आणि मिळेल त्या गाडीने निघ. त्यांना अजून आठवते आहे की नळी तू धरायचीस. फडके घेऊन मी उभा आहेच.

तुझाच,
नाकमुरड्या